पुण्यातली थंडी, सात महिन्यांचं बाळ आणि साडेतीन वर्षांची मुलगी: कपडे, अंघोळ, हीटर, बोरन्हाण

पाषाण_टेकडी

नमस्कार मंडळी. पाषाणला दुसऱ्या मजल्यावर उत्तरेकडे तोंड असलेला फ्लॅट. घरात सात महिन्यांचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. पहाटे ९-१० अंश आणि दुपारी पंखा लावावा असं २९-३०. कधी काय घालायचं आणि कधी काढायचं, याचा मेळच बसत नाही. थेट विचारते:

१. बाळाला रात्री किती कपडे? पांघरूण लाथाडतो आणि सकाळी हातपाय गार लागतात.
२. अंघोळ सकाळी सातला (मालिशवाल्या मावशींना तीच वेळ जमते) की उशिरा? गॅस गिझर आहे, बाथरूममध्येच.
३. रूम हीटर घ्यावा का? सासूबाई म्हणतात, शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी दिली की पुरे.
४. मुलीचे गाल आणि पोटऱ्या खरखरीत झाल्यात, रोज तेल लावूनही.
५. संक्रांतीनंतर बाळाचं बोरन्हाण आहे. काहीतरी घशात अडकेल याची धास्ती वाटते.

"स्वेटर घाला, काळजी घ्या" याच्या पुढचं सांगितलंत तर बरं होईल.

---

दुलई

कपड्यांचं मी सांगते, बाकीचं जाणकार सांगतील.

हातपाय गार असले म्हणजे बाळाला थंडी वाजतेयच असं नाही. एवढ्या लहान वयात हातापायांकडे रक्त कमी फिरतं, ते गारच लागतात. हात घालून बघायचं ते मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे. तिथे कोमट आणि कोरडं असेल तर कपडे बरोबर आहेत. ओलसर असेल तर एक कपडा काढा, गार असेल तर एक वाढवा.

पुण्यात चूक होते ती बहुतेक वेळा उलट्या बाजूची. बंडी, झबलं, स्वेटर, टोपडं, मोजे, दुपटं आणि वर दुलई. बाळ रात्री अकराला घामाघूम, पहाटे चारला तोच घाम अंगावर गार होतो, मग "बघा, थंडी बाधली" म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक स्वेटर चढतो.

वेधशाळेच्या आकड्यावर कपडे ठरवू नका. बातमीतला 'पुणे' आकडा सहसा शिवाजीनगरचा असतो. पाषाण, एनडीएकडे पहाटे त्याहून गार असतं, कोरेगाव पार्क-मगरपट्ट्याकडे दोन-चार अंश जास्त. आणि हे सगळं बाहेरचं. बाहेर १० असलं तरी खिडक्या लावलेल्या मधल्या मजल्यावरच्या खोलीत बहुधा १९ ते २२ असतं. वरचा मजला किंवा उत्तरेची भिंत असेल तर थोडं कमी. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मापक खोलीत, पलंगाच्या उंचीवर टांगा. पहाटे पाचचा आकडा दोन-तीन दिवस बघितलात की अंदाज येतो.

खोलीत २० ते २२ असेल तर सुती बंडी, त्यावर पायापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा सुती सूट आणि पातळ स्लीपिंग बॅग. या पिशव्यांवर उबेचं माप 'टॉग'मध्ये छापलेलं असतं, पातळ म्हणजे साधारण १ टॉग. पहाटे १७-१९ पर्यंत उतरत असेल तर आतले कपडे तेच ठेवून पिशवी २.५ टॉगची घ्या. झोपेत स्वेटर नको, टोपडंही नको. जास्तीची उष्णता बाळ डोक्यावाटे बाहेर टाकतं, आणि टोपडं सरकून नाकावर येतं ते वेगळंच. एक वर्षापर्यंत पाळण्यात किंवा पलंगावर सुटी गोधडी, दुलई, उशी काही ठेवायचं नाही. लाथाडलं तर उघडं पडेल ही भीती छोटी. तेच पांघरूण तोंडावर आलं तर सात महिन्यांच्या बाळाला ते बाजूला करता येईलच असं नाही.

पिशवी शिंप्याकडून शिवून घेता येते. जुनी धुऊन मऊ झालेली सुती चादर दुहेरी, बाह्या नकोत, टोपी नको. लांबी खांद्यापासून टाचेपर्यंत अधिक पाच-सहा इंच, म्हणजे पाय हलवायला जागा राहते. गळ्यात दोन बोटं जातील इतकंच सैल, डोकं आत घसरेल इतकं नाही. चेन खालून वर उघडणारी लावा, म्हणजे रात्री लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही. बटणं, नाड्या आणि लोकरीचे गोंडे अजिबात नकोत.

मुलीसाठी पांघरूणाशी झटापट करण्यापेक्षा बंडी पँटमध्ये खोचा आणि पायात सैल मोजे घाला. गोधडी पायाकडून आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली दाबा, वर फक्त काखेपर्यंत येऊ द्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ट्रंकेतून काढलेले स्वेटर, शाली, गोधड्या यांना डांबर गोळ्यांचा वास असेल तर त्या बाळाजवळ नेऊ नका. त्यात नॅप्थलीन असतं. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुतेक ठाऊक नसतं. आधी धुवा, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवा. निव्वळ ऊन दाखवून वास जात नाही.

खिडक्या संध्याकाळी सहाच्या आत बंद. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो आणि पारा भराभर उतरतो. डासही त्याच वेळी आत शिरतात. मुळा-मुठेत जलपर्णी माजली की जानेवारी-फेब्रुवारीत काय होतं ते सांगायला नको. कॉइल लावू नका, मच्छरदाणी लावा. सकाळी दहाला खिडक्या सताड उघडा, तासभर तरी.

---

तीनपिन

"गॅस गिझर आहे, बाथरूममध्येच" हे वाक्य तुम्ही कंसातल्या मजकुरासारखं टाकलंय. या धाग्यात सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न तोच आहे.

बंद खोलीत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि मग शुद्ध जाणं. लहान मुलांवर परिणाम आधी होतो कारण त्यांचा श्वास जलद असतो. थंडीत हे जास्त घडतं, कारण गारवा येतो म्हणून लोक व्हेंटिलेटरच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावतात.

कायमचा इलाज एकच: गिझर ड्राय बाल्कनीत हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तोवर असं करा: दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, मगच मुलांना आत न्या. अंघोळ सुरू असताना गिझर पेटलेला नको. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही, ताजी हवा आत यायला जागा लागते. ज्योत निळी असायला हवी. पिवळी झाली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी दिसली की वापर थांबवून सर्व्हिसिंग करून घ्या.

पाणी मिसळताना बादलीत आधी गार, मग गरम. उलट केलं आणि मधेच फोन आला तर उकळत्या पाण्याची बादली रांगत्या मुलाच्या उंचीवर राहते. वाहत्या नळाखाली मूल धरायचं नाही. सोसायटीत सोलर असेल तर हे दुप्पट लागू. पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी येतं आणि मग एकदम ६० अंशांचं. एवढ्या गरम पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. थंडीत पुण्याचं आकाश निरभ्र असल्यामुळे दुपारी सोलर चांगलंच तापतं, डिसेंबर आहे म्हणून पाणी कोमटच असेल असं धरू नका. विजेचा साठवणीचा गिझर असेल तर थर्मोस्टॅट ५० वर आणून ठेवा. मुलं असलेल्या घरात बादलीतला रॉड तर नकोच.

आता हीटर. पंख्याचा २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. पलंगाशेजारचा साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. पहिल्या आठवड्यात काही होत नाही, मग सॉकेट पिवळं पडतं, जळका वास येतो आणि पिन चिकटते. हीटर १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्ड मधे नको. तासाला दोन युनिट वीज जाते.

माझं मत: पुण्यात रात्रभर हीटरची गरज नाही. अंघोळीनंतर जिथे कपडे घालता त्या खोलीत आधी पंधरा मिनिटं, १००० वॅटवर, आणि मूल खोलीत आलं की बंद. तुमची खोली पहाटे १६ च्या खाली जातच असेल तर तेल भरलेला रेडिएटर बरा, त्याची उघडी तार लालबुंद होत नाही. तरी पलंगापासून तीन फूट लांब, आणि त्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत. बाथरूममध्ये कुठलाच हीटर नाही.

---

शनिवार_ते_सदाशिव

धुरीला उगाच नावं ठेवू नका. पिढ्यान्‌पिढ्या बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी होत आली, ती मुलं काय वाढली नाहीत?

---

वॉर्ड_नंबर_पाच

वाढली. पण ज्या वाड्यात ती वाढली त्याला कौलं होती आणि कौलांत फटी होत्या. धूर वर निघून जायचा. आताच्या फ्लॅटला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, त्या घट्ट बसतात. शेगडी तीच, पण कोळशाचा वायू खोलीतच राहतो. तीनपिन यांनी गिझरचं जे सांगितलं ते निखाऱ्यांना जसंच्या तसं लागू आहे, आणि रात्रभर शेगडी ठेवून दार लावणं तर जिवावर बेतणारं. शिवाय धूर कशाचाही असो, ओव्याचा किंवा उदाचा, बाळाच्या श्वासनळ्या त्याने सुजतात. सासूबाईंना शेकच हवा असेल तर दुपटं आणि झबलं इस्त्रीने गरम करा, मिनिटभर झटका, आपल्या मनगटाला लावून बघा आणि मग बाळाला गुंडाळा. ऊबही मिळते आणि मानही राहतो.

अंघोळीची वेळ: साडेदहा ते साडेअकरा. मावशींना सातच जमत असेल तर सातला फक्त मालिश, बंद खोलीत, आणि अंघोळ नंतर तुम्ही घाला. दोन्ही एकाच दमात व्हायला हवं असा काही नियम नाही. पाणी ३७-३८ अंश. कोपर बुडवून बघा, गरम असं न वाटता नुसतं कोमट वाटलं पाहिजे. पाच ते सात मिनिटांत आटपा. साबण रोज सगळ्या अंगाला नको, मान, काखा, जांघा आणि लंगोटाची जागा एवढंच. डाळीचं पीठ चोळणं थंडीत बंद, त्याने कातडीवरचं उरलंसुरलं तेलही निघून जातं.

मुलीचे गाल आणि पोटऱ्या खरखरीत होतात त्याचं उत्तर इथेच आहे. तेल तुम्ही अंघोळीआधी लावत असणार, म्हणजे ते साबणाबरोबर मोरीत जातं. क्रम फिरवा. अंघोळ झाली की टॉवेलने घासू नका, टिपा, आणि कातडी किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, जाड मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. बाटली गॅसजवळ ठेवण्यापेक्षा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करा. मोहरीचं तेल नको, बऱ्याच मुलांच्या कातडीला ते झोंबतं. रात्री झोपताना गालांवर आणि ओठांवर वासरहित पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. लोकर थेट अंगाला लागू देऊ नका, आत पूर्ण बाह्यांचं सुती हवं. एवढं करून आठ-दहा दिवसांत फरक नाही, किंवा कोपराच्या-गुडघ्याच्या आतल्या घडीत लाल चट्टे आणि खाज असेल, तर तो नुसता कोरडेपणा नाही, दाखवून घ्या.

मावशींना दोन गोष्टी ठामपणे सांगा: कान-नाकात तेल नाही आणि डोक्यावर, अंगावर वेखंडाची पूड उडवणं नाही. ती छातीत जाते.

सर्दी तर होणारच. ती विषाणूने होते, केळ्याने किंवा दह्याने नाही. नाक चोंदलं तर दूध पाजण्याआधी दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब दोन-दोन, मग हलक्या हाताने पुसा. वाफेचं भांडं मुलांसमोर ठेवू नका. वाफेने जितकं बरं वाटतं त्यापेक्षा भाजण्याच्या घटना जास्त. कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि गळ्यातली दोरी हा आणखी एक धोका. मेंथॉल-कापराचं मलम दोन वर्षांच्या आत नाही.

घरातलं जुनं खोकल्याचं औषध काढू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. पॅरासिटामॉलचंही बघा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, पण सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. सिरपसाठी सांगितलेले मिली थेंबांच्या बाटलीतून दिले की औषध दुप्पट-चौपट जातं. डोस नेहमी आत्ताच्या वजनावर लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा.

थांबायचं कधी नाही ते सांगते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध न पिणं, ओठ निळसर होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही.

---

पाषाण_टेकडी

गिझरसाठी प्लंबरला फोन केला, उद्या येतोय. मॉइश्चरायझरचं डोक्यात आलंच नव्हतं. आणखी दोन प्रश्न: बाळाला मध चाटवायला सांगतात, चालेल? आणि कोवळ्या उन्हात किती वेळ ठेवायचं? बोरन्हाणाचं कोणीतरी सांगा ना.

---

वॉर्ड_नंबर_पाच

मध एक वर्षापर्यंत थेंबभरही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो. शिजवलेल्या पदार्थातही नको.

ऊन ऊब म्हणून छान, पण काचेच्या आडून आलेल्या उन्हातून ड जीवनसत्त्व बनत नाही. त्याच्यासाठी पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देतात. बाजारात ४०० आणि ८०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही बाटल्या मिळतात, तेव्हा तुमच्या बाटलीवर किती आहे ते बघून मिली ठरवा.

---

तिळवण_काळी

बोरन्हाण माझ्याकडे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालतो, तेव्हा शनिवार-रविवार बघा आणि दुपारी चारला ठेवा. सहाला ठेवलंत तर काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि गार वारा सगळं एकदमच.

घशात अडकण्यासारखं काय आणि मऊ काय, हे वेगळं करा. पारंपरिक यादीतली बोरं, हरभरे, भुईमुगाचे दाणे, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या-चॉकलेटं, यातलं जवळजवळ सगळंच चार वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनळीत बसेल अशा मापाचं आहे. डोक्यावरून ओतायला चुरमुरे आणि ज्वारीच्या लाह्या घ्या, त्यांचा आवाजही छान येतो आणि लागत नाहीत. साधारण अर्धा किलो चुरमुरे पुष्कळ होतात. बोरं आणि उसाचे तुकडे ताम्हनात पूजेपुरते ठेवा, किंवा लुटायला आलेल्या मोठ्या मुलांना नंतर पुड्या बांधून द्या. पुडीत बोरं असतील तर पाच वर्षांच्या आतल्यांना द्यायच्या पुड्यांवर वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि त्यात बत्तासे घाला. लुटालूट सुरू झाली की घोळक्यात कुणाच्या हाती काय लागलं ते दिसत नाही, म्हणून आधीच वेगळं करायचं.

बाळ पाटावर एकटं नको, मोठ्या माणसाच्या मांडीवर. सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि चुरमुरा टाळूला चिकटला तरी ओकारी येते. ओतून झालं, दोन फोटो झाले की त्याला उचला. झाडून, पलंगाखालूनही झाडून, मगच खाली सोडा. दुसऱ्या दिवशी सापडलेला हरभरा हा पहिल्या दिवसाइतकाच धोक्याचा.

हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवलेले असतात आणि हलवा काटेरी असतो. गळ्यातला हार कपड्याला मागून टाचून घ्या, नुसता गळ्यात नको. मुकुटाला आतून सुती पट्टी लावा. वाळ्या आणि कमरपट्टा पुरे, कानातलं वगैरे फोटोपुरतंही नको. काळं झबलं सुती घ्या. तुळशीबागेत जाळी-जरीचे तयार संच दिसायला सुंदर असतात, पण मानेला टोचतात. जरीचंच हवं असेल तर आत पांढरी बंडी. दागिने रात्रभर बाहेर ठेवले की मुंग्या, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणि घरात एका तरी माणसाला हे येत असावं: एक वर्षाखालच्या बाळाच्या घशात अडकलं आणि आवाज निघत नसेल तर पालथं, डोकं खाली, हातावर घेऊन दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या हाडावर, स्तनांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा तेच, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. बाळ मोठ्याने खोकत असेल तर खोकू द्या.

खाण्याचंही जाता जाता. बाजरीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, लवकर कडू होतं आणि मग मुलं "बाजरी आवडत नाही" म्हणतात. मुलीला भाकरीपेक्षा खिचडा सोपा जातो: एक वाटी बाजरी रात्रभर भिजवून, निथळून, जाडसर भरडून, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, कुकरच्या सहा-सात शिट्ट्या, वरून तूप. डिंकाचे लाडू करणार असाल तर डिंक लहान तुकडे करून, थोडा थोडा टाकून, मध्यम आचेवर आतपर्यंत फुलू द्या आणि वाटीने चुरा. आत कच्चा राहिलेला खडा दाताला चिकटतो. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, मग शी घट्ट होते, तेव्हा जेवणाआधी कोमट पाणी समोर धरा.

---

पाषाण_टेकडी

खूपच उपयोगी. शेवटचं: मुलीला शाळेत स्कूटरवरून सोडते, नऊच्या आधी तिथे चांगलीच हुडहुडी असते.

---

दुलई

स्वेटरमधून वारा आरपार जातो. सुती बनियन, त्यावर पातळ स्वेटर आणि सगळ्यात वर चेनवाला विंडचीटर, असे तीन. शाळेत पोचल्यावर विंडचीटर, अकराला स्वेटर, असं तिला स्वतःला उतरवता यायला हवं, म्हणून डोक्यातून घालायचा स्वेटर नको, पुढे चेन हवी. कॉलरच्या आत नाव शिवा, शाई धुण्यात जाते. मफलर नको, टोकं चाकात अडकतात. कान झाकणारी पातळ टोपी हेल्मेटच्या आत बसते का ते घरीच बघा, जाड लोकरीची घातली की हेल्मेट सैल बसतं.

आणि तिला पुढे उभी करू नका. वारा सगळा तिच्या छातीवर, आणि ब्रेक लागला की तोंड हँडलवर. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मागे बसवून हार्नेसचे पट्टे विंडचीटरच्या वरून आवळा. आतून बांधले तर निसरड्या कापडावरून मूल खाली सरकतं.